‘मी ना... त्याने ना...’ म्हणजे तोतरेपणाच असं नाही गं

नाशिकच्या आई,

तू लिहिलंयस की लेक साडेसहाचा, एका शब्दात उत्तर असेल तर फटकन देतो, पण शाळेत काय झालं ते सांगायला लागला की "मी ना... मी डबा... त्याने ना... त्याने माझा डबा..." असं चालू होतं. टीचर म्हणतात तोतरा बोलतो, सासूबाई वेखंड उगाळून चाटवतायत, नवरा म्हणतो घरात मराठी बंद करा. आणि तीन वर्षांचा होईपर्यंत दोन शब्द जोडत नव्हता हे तू शेवटी एका ओळीत उरकलंस, अगं तीच तर खरी महत्त्वाची ओळ, शब्द उशिरा जोडणं भाषेच्या अडचणीकडे बोट दाखवतं!

तोतरेपणात बहुतेक वेळा शब्दाचा तुकडा अडकतो, "प-प-पाणी", किंवा आवाज ताणला जातो, नाहीतर फुटतच नाही. तुझा मुलगा अख्खे शब्द परत म्हणतोय, वाक्य अर्ध्यात सोडून नव्याने सुरू करतोय. "मी डबा" म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की डबा तर दुसऱ्याने घेतला, मग "त्याने", मग डबा ‘घेतला’ पण पोळी ‘घेतली’, वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं, आपली मराठी इथे काही सोपी नाही. जीभ ठीक असेल, वाक्य जुळवताना दमछाक होत असेल. भाषाविकासाची अडचण म्हणजे डीएलडी असलेल्या मुलांत हे बरंच दिसतं, गोष्ट सांगताना तर जास्तच. पत्रावरून निदान होत नाही आणि दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून दाखवायला हवंच.

आधी कानाची टेस्ट, मग आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे रजिस्टर्ड स्पीच थेरपिस्ट. सिव्हिलमध्ये डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र, आहे का विचार, तिथे पैसे लागत नाहीत, मुंबईत जमत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी संस्था आहे. जाताना तो काहीतरी सांगतोय असं मोबाइलवर रेकॉर्ड करून ने, कारण तिथे तो हो-नाही करून मोकळा होईल आणि सगळं छान वाटेल. आणि स्पष्ट सांग, नुसती तोतरेपणाची नको, भाषेची टेस्ट पण करा, मराठीतून सुद्धा.

घरी "नीट बोल, हळू बोल" बंद. त्याचं बोलून होईपर्यंत थांब आणि मग सहज म्हण, "हो का, त्याने तुझा डबा घेतला?" बास, परत म्हणायला लावू नकोस. मराठी बंद केल्याने इंग्लिश सुधारत नाही, अशी अडचण असली तर ती दोन्ही भाषांत असते, वर आजीशी बोलणं तुटेल ते वेगळंच. वेखंडाने वाक्य जुळत नाही पण त्यावरून भांडू नकोस, सासूबाईंना रात्री गोष्ट सांगायला बसव, त्या कामाच्या आहेत.

अजून एक, थेरपी सुरू झाल्यावर मध्येच अडखळणं वाढलं तर लगेच घाबरू नकोस, मोठी वाक्यं करायला घेतली की असं होतं. मात्र बोलताना डोळे मिटणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलायचंच टाळणं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेरपिस्टला फोन कर.

तुझी मावशी