विचारा बिनधास्त : भाजीतून दिलेली पुडी

प्रश्न : ताई, आमचे हे रोज पितात, दहा-बारा वर्षं झाली असतील. आधी फक्त रात्री घ्यायचे, आता सकाळी उठल्या उठल्या थोडी लागतेच नाहीतर हात कापतात. शेजारच्या गावात एकजण दारू सोडवायची पुडी देतो, वास नाही चव नाही, भाजीत कालवायची आणि माणसाला कळू द्यायचं नाही. माझ्या जावेने दिली, भाऊजींची सुटली. मी देऊ का? ह्यांना बीपीची गोळी पण चालू आहे. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : नका देऊ. आणून ठेवली असेल तरी नका देऊ.

पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि देणारा सांगत नाही. नुसता झाडपाला असेल तर पैसे गेले, विषय संपला. पण पुडी खाल्ल्यावर दारू घेतली की उलट्या होतात असं कुणी सांगत असेल तर आत डायसल्फिराम असू शकतं. ते खरंखुरं औषध आहे, डॉक्टर देतात, १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दारूसाठी पुढे आणलेलं. दारूचं लिव्हरमध्ये आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग ते मोडून निकामी होतं, हे औषध ते मोडणं अडवून धरतं, म्हणून ते रक्तात साठतं आणि तोंड लालबुंद, डोकं ठणकणं, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली असं सगळं सुरू होतं. बीपी किंवा हार्टच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो, म्हणजे आठ दिवसांपूर्वीच्या भाजीने आज लग्नाच्या वरातीत माणूस कोसळू शकतो आणि दवाखान्यात कारण कुणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच हे औषध पेशंटला न सांगता कधीच द्यायचं नाही असा नियम आहे.

तुमच्या ह्यांच्या बाबतीत आणखी एक मोठा धोका आहे. सकाळी घेतल्याशिवाय हात कापतात म्हणजे शरीराला दारूची सवय झालीये. पुडीच्या त्रासाने घाबरून त्यांनी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. भाऊजींना काही झालं नाही हे त्यांचं नशीब, त्यावरून ह्यांचा हिशोब मांडू नका. शिवाय पुडीचं कळलं की माणूस घरचं जेवण सोडतो पण दारू नाही सोडत.

मग करायचं काय? रात्री पिऊन आल्यावर वाद घालू नका, ते थोडे शुद्धीत असतील तेव्हा बोला, आणि दारूवरून जमत नसेल तर हात कापतात त्यावरून सुरू करा, त्यासाठी डॉक्टरकडे जायला माणूस जरा लवकर तयार होतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे काही दिवस गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन दारू सुरक्षितपणे उतरवतात. आणि गंमत बघा, पुढे हीच डायसल्फिरामची गोळी डॉक्टरांनी तपासून दिली, त्यांनी स्वतः हो म्हटलं आणि रोज तुमच्यासमोर घेतली तर चांगली उपयोगी पडते. ते तयारच नसतील तर तुम्ही एकट्या बोला, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचं मोफत समुपदेशन मराठीत मिळतं, व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा नंबर आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे ग्रुप असतात.

प्रश्न : सासरे घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं म्हणून अ‍ॅडमिट केलं. ऑपरेशन झालं, सगळं ठीक होतं आणि तिसऱ्या दिवशी एकदम बडबडायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणे, सलाईन उपसून काढली. आत्याबाई म्हणाल्या बाहेरचं आहे, अंगारा लावा. ते रोज पितात हे आम्ही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लाज वाटली. आता घरी आहेत, बरे आहेत. तेव्हा काय झालं असेल?

उत्तर : लक्षणं आणि दिवस बघता हे बहुतेक दारू अचानक तुटल्यामुळे झालं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू बंद झाली की साधारण दोन ते चार दिवसांत असे भास, घाम, ताप, थरथर सुरू होऊ शकते, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतोसुद्धा. अंगाऱ्यात वेळ घालवायची ही गोष्टच नाही. अ‍ॅक्सिडेंट, ऑपरेशन, साधा ताप, कशासाठीही अ‍ॅडमिट करा, पहिल्या तासातच डॉक्टरांना सांगायचं : रोज पितात, इतकी पितात, शेवटची अमुक वाजता घेतली. आधीपासून गोळ्या सुरू करता येतात. ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी किंवा सोबत बी-वनचं इंजेक्शन लागतं की नाही हेही त्यांना ठरवता येतं, कारण रोज पिणाऱ्यांच्या अंगात ते कमी असतं आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लाज वाटते हे मान्य आहे हो, पाहुणेरावळे कॉटभोवती उभे असतात, पण डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगता येतं. आता मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच, आणि पुढचं ऑपरेशन असेल तर सर्जनला हा प्रसंग आठवणीने सांगा.

प्रश्न : मी रोज फक्त एक क्वार्टर घेतो आणि श्रावण कडक पाळतो. म्हणजे मी व्यसनी नाही ना? बायको मानत नाही.

उत्तर : एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं, म्हणजे दहा ग्रॅमच्या मापाने सहा ड्रिंक, रोज. फक्त हा शब्द काढून टाका. श्रावणाचं म्हणाल तर महिनाभर राहता येतं ही चांगली गोष्ट आहे, पण त्यावरून व्यसन नाही असं सिद्ध होत नाही, महिनाभर थांबणारे व्यसनी पुष्कळ आहेत. मला सांगा, श्रावणाच्या पहिल्या तीन दिवसांत झोप उडते का, घाम फुटतो का, हात कापतात का? गणपती विसर्जनापर्यंत थांबवत नाही का? एकाचंही उत्तर हो आलं तर यंदा श्रावण सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना भेटा, आणि जाताना बायकोला सोबत न्या.