पियानोच्या ॲक्शनमधले कागदाचे तुकडे

प्रश्न: आमच्याकडे आजोबांच्या वेळचा अपराइट पियानो आहे. परवा सर्व्हिसिंगसाठी ॲक्शन, म्हणजे तारांवर हातोड्या (हॅमर) मारणारी आतली यंत्रणा, बाहेर काढली तर काही हॅमरच्या फ्लँजमागे (हॅमर ज्यावर फिरतो त्या छोट्या बिजागरीमागे) कागदाचे बारीक तुकडे चिकटवलेले दिसले, आणि खर्जाकडचे हॅमर तर चक्क तिरके आहेत. आधी कोणी जुगाड करून ठेवलाय का? कागद काढून टाकू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: नका हो काढू! ते कागद मुद्दाम लावलेत. हॅमर तारेकडे जाताना जरा जरी बाजूला सरकत असेल तर फ्लँजच्या एका कडेखाली कागदाची पट्टी देऊन त्याची चाल सरळ करतात, कारखान्यातही करतात आणि नंतरचे चांगले कारागीरही. कागद काढलात तर तो हॅमर पुन्हा वाकडा जाणार, कदाचित शेजारच्याला घासेलसुद्धा. आणि तिरके हॅमर पण बरोबरच आहेत, कारण खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या जातात, म्हणून हॅमरलाही तसाच कल दिलेला असतो.

आता ॲक्शन बाहेर आहेच तर हॅमर जरा बाजूने बघा, मला स्वतःला हे बघायला फार आवडतं. हॅमर एकेक करून बनवत नाहीत, लाकडाच्या लांब पट्टीवर फेल्ट (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) दाबून बसवतात आणि मग पाव कापावा तसे त्याचे काप करतात, त्यामुळे शेजारशेजारच्या हॅमरमधले फेल्टचे थर आणि लाकडाच्या रेषा बऱ्याच जुळतात. मधेच एखादा वेगळा दिसला तर तो बहुतेक नंतर बदललेला. बोटांनी दाबायच्या 88 पट्ट्यांचंही तसंच, एकाच मोठ्या फळीतून कापलेल्या असतात, म्हणून लाकडाच्या रेषा एका पट्टीतून पुढच्या पट्टीत जाताना दिसतात आणि प्रत्येकीवर नंबर असतो.

पुण्याच्या पावसाळ्यात हॅमर जड झाले, परत यायला वेळ लावायला लागले तर शिलाई मशीनचं तेल कृपा करून घालू नका! फ्लँजच्या भोकात लोकरीचं कापड असतं, ते दमटपणाने फुगतं आणि हॅमर जिच्यावर फिरतो ती मधली पिन आवळली जाते, तेलाने ते कापड कायमचं खराब होतं. यावर कापड मोकळं करणं किंवा पिन बदलणं हाच उपाय, आणि ते काम नाजूक आहे, 20 नंबरची पिन 1.27 मिलिमीटरची, पुढचा अर्धा नंबर फक्त 0.025 मिलिमीटरने जाड.

कारागिराने स्क्रू सोडायच्या आधी फोटो काढून ठेवा आणि कुठला कागद कुठल्या फ्लँजमागे होता तेही पेन्सिलीने लिहून ठेवायला सांगा.