पावसाची ओढ आणि बटाट्याचं बी

प्रश्न : काका, नमस्कार. बेळगावच्या उचगावजवळ आमचं तांबड्या मातीचं रान आहे. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जातात, शेत मी आणि सासूबाई बघतो. जूनमध्ये बटाटा लावला. जुलैच्या मध्यावर पावसानं ओढ दिली, नंतर परत भरपूर झाला. पाला हिरवागार आला, पण काढणीला बटाटे थोडे निघाले, तेही गाठीगाठीचे, काही चिरलेले. शेजारची रताळी मात्र तरली. दुष्काळात टिकणारं बटाट्याचं बी आलंय म्हणतात. ते आणू का?
— एक शेतकरी वाचक, उचगाव परिसर

उत्तर : ताई, पाऊस कधी गेला ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. किती दिवस गेला यापेक्षा बटाट्याला तेच जास्त भोवतं. जूनची लावण म्हणजे जुलैच्या मध्यावर जमिनीतल्या दांड्यांच्या टोकाला बटाटा धरायची वेळ. त्या दिवसांत ओल तुटली की धरणारे बटाटेच कमी होतात. पुढं कितीही पाऊस झाला तरी ती संख्या भरून येत नाही. पाला वाढतो, पोती वाढत नाहीत.

जे थोडे धरले होते त्यांची वाढ कोरड्यात थांबली. पाऊस आल्यावर ती परत सुरू झाली, पण सगळीकडून सारखी नाही. डोळ्यांतून फुगवटे आले, त्याच तुमच्या गाठी. आतला गर सालीपेक्षा जोरात वाढला तिथं बटाटा चिरला. एखादा मोठा कापून बघा, मधे पोकळी असेल तर तीही यातलीच. यात बियाण्याचा दोष नाही.

बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, आणि आपली तांबडी माती ओल फार दिवस धरत नाही. थोडी ओढ बसली की पानं आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही मंदावतं. रताळ्याची मुळं खोल जातात, म्हणून शेजारचं रान तरलं.

आता बियाण्याचं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं कमी पाण्यासाठी कुफरी थार-१, थार-२ आणि थार-३ हे वाण काढलेत. चांगलं काम आहे. पण असा वाण काढणं सोपं नसतं. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८. दोन उत्तम वाणांचा संकर केला तरी प्रत्येक रोप वेगळं निघतं. हजारो रोपांतून निवडत एक वाण हाती यायला दहा-बारा वर्षं सहज जातात. शिवाय कोरड्यात जगणारं झाड आणि कोरड्यात पिकणारं झाड एकच नसतं. छिद्रं लवकर मिटणारं झाड जगतं, पण पोसत नाही. म्हणून कोरड्यातही बरं आणि पावसातही बरं असं झाड शोधावं लागतं. मिळालं तरी बी एका हंगामात पाच-दहापटच वाढतं. बियाण्यात रोग पसरवणारी मावा कीड कमी असते तेव्हा उत्तरेत ते वाढवून आपल्या बाजारात येईपर्यंत आणखी वर्षं जातात.

माझी खरी शंका वेगळी आहे. उत्तरेतला बटाटा हिवाळ्यात, पाटाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर होतो. तिथं कमी पाणी म्हणजे पाणी द्यायच्या पाळ्या कमी. आपल्याकडं आधी ओढ, मग आठवडाभर झड आणि धुकं, आणि त्यामागोमाग करपा, म्हणजे पाला जाळणारा रोग. ओढीत तगलेला वाण करप्यानं गेला तर तुमच्या हातात काय राहिलं? आपल्या भागाला दोन्ही सोसणारा, आणि लवकर काढणीला येणारा वाण हवा. बेळगावच्या खरिपासाठी म्हणून निवड व्हायला हवी, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलोय आणि सांगत राहणार.

म्हणून सगळं रान नव्या बियाण्यावर लावू नका. बटाट्यात सर्वांत जास्त पैसा बियाण्यातच जातो, आणि तो बहुधा सोसायटीचा असतो. अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. खात्रीचं थोडं बी मिळालं तर नेहमीच्या वाणाशेजारी, त्याच मातीत, दोन-चार सऱ्या लावा. काढणीला दोन्ही वेगळे तोला, विकाऊ माल वेगळा निवडा, पाल्यावर करपा कधी दिसला ते वहीत लिहा. हिरव्या पाल्यावरून वाण ठरवू नका.

येत्या हंगामात शेणखत नेहमीपेक्षा जास्त घाला. तापलेल्या कोरड्या मातीत बियाण्याच्या कापलेल्या फोडी सडतात, त्यामुळं ओल बेताची असेल तर लहान अख्खे बटाटे लावा. लावणीनंतर महिना झाला की रोज सरीत बोटभर उकरून बघा. तेव्हा ओल तुटली आणि विहिरीत थोडंच पाणी असलं, तर ते एका सरीआड एक असं सोडा, पण त्याच दिवसांत सोडा. नंतरसाठी राखून ठेवू नका. वहीतलं मला पुढच्या दिवाळीआधी जरूर कळवा, थारच्या सऱ्यांचं तर नक्कीच.