वाचकांचे प्रश्न: कारखान्याआधी येणारी वाहतूक

प्रश्न: आमच्या गावालगत एक मोठा कारखाना उभा राहणार आहे. गावाचा रस्ता जेमतेम पावणेचार मीटर रुंद आहे. कारखाना सुरू झाल्यावर दिवसाला मोजकेच ट्रक येतील, त्यामुळे चिंता नको, असे आम्हाला सांगितले जाते. यावर कितपत विसंबावे?
– एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका, जि. नाशिक

उत्तर: तो आकडा खरा असला तरी अपुरा आहे, कारण गावच्या रस्त्याची खरी परीक्षा बांधकामाच्या काळात होते, आणि तीही रोज सारखी नव्हे, तर काही दिवस एकदम अंगावर येते. पायाच्या एखाद्या मोठ्या भागाला ६०० घनमीटर काँक्रीट लागत असेल, तर सहा घनमीटरच्या मिक्सरच्या शंभर खेपा होतात, आणि रिकाम्या परतीच्या फेऱ्या धरल्या की तोच रस्ता दोनशे वेळा तुडवला जातो. भरलेले काँक्रीट साधारण दोन तासांत ओतावे लागत असल्याने मिक्सरला वाटेत खोळंबून चालत नाही, आणि एकदा सुरू झालेले काम रात्रीही बंद ठेवत नाहीत. अशा वेळी समोरून द्राक्षांचा पिकअप आला, तर एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. आधी ती खचते, मग डांबराची कड तुटू लागते. काँक्रीटचा प्लांट जागेवरच उभारला तर मिक्सर टळतात, खडीचे हायवा (डंपर) मात्र टळत नाहीत.

वाहनाच्या आसावरील (ॲक्सलवरील) भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळापट होते. म्हणून वाहनांच्या संख्येबरोबरच ती किती टनांची असतील, कोणत्या वेळी येतील आणि कोणत्या मार्गाने, हेही लेखी विचारावे.

पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार या प्रकल्पाची जनसुनावणी होणार असेल, तर तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरणावरील परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहता येतो. वाहतुकीची मोजणी कोणत्या महिन्यात केली, हे त्यात सर्वप्रथम पाहावे. जुलैतला दिंडोरीचा रस्ता पाहून फेब्रुवारी-मार्चच्या द्राक्ष हंगामाचा अंदाज बांधणे ही निव्वळ धूळफेक ठरेल. आधीच पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीत भूखंड असल्यास अशी सुनावणी सहसा होत नाही. तेव्हा ग्रामसभेचा ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार ठरावीक रस्त्यावर अवजड वाहनांना निर्बंध घालता येतात. शाळा भरण्या-सुटण्याची वेळ आणि द्राक्षकाढणीचे महिने ठरावात स्पष्ट नमूद करावेत.

रस्ता ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषद, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, यांच्या अभियंत्यांकडून काम सुरू होण्यापूर्वीच संयुक्त पाहणी करून घ्यावी, तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार, हे त्याच पंचनाम्यात लिहून घ्यावे.