चैत्रात नर्मदेच्या बॅकवॉटरमध्ये कॅनो: अवकाळीपेक्षा वाऱ्याचा विचार करा

भाऊ, चौघं मित्र, 16 फुटी दोन कॅनो (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद, उघड्या होड्या), नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या भूषापासून सरदार सरोवराच्या पाण्यात दोन मुक्काम, आणि अवकाळीनं गाठलं तर काय, हा तुमचा प्रश्न. पावसाला एवढं घाबरू नका, भिजलेलं वाळतं. कॅनो उलटते ती पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्यानं.

तिथली दरी पूर्व-पश्चिम आहे. उन्हाळ्यात दुपारचा पश्चिमेचा वारा सरळ दरीत घुसतो, मोकळ्या पाण्यावर त्याला आडकाठी नाही, आणि बघता बघता फूटभर लाट उठते. म्हणून उजाडताच पाण्यात उतरायचं आणि अकराला काठावर यायचं. संथ पाण्यात भरलेली कॅनो ताशी 4-5 किमी जाते, समोरून वारा असला की निम्मी. दिवसाला 12-15 किमीच धरा. पलीकडचा मध्य प्रदेशाचा काठ जवळ वाटतो, पण मधोमध जाऊच नका. आपल्याच काठानं, पोहत गाठता येईल एवढ्या अंतरावरून चला.

सातपुड्यावर फुलकोबीसारखे ढग चढायला लागले, त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरला, की थांबा. वारा एकदम पडून गार झुळूक आली तर हातात काही मिनिटंच असतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा; 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर ती 10 किमीच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही. एकट्या झाडाखाली आणि टेकडीच्या माथ्यावर थांबू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घ्या, पण दरीत रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा भिस्त डोळ्यांवरच ठेवा.

सामान कॅनोच्या मध्यावर, तळाशी आणि बांधलेलं. कडा पाण्याच्या वर किमान 6 इंच राहिली पाहिजे. नाही राहिली तर सामान कमी करा, दुसरा उपाय नाही. लाटा आल्या की बाकावरून उतरून गुडघे टेकून बसा आणि लाट थोडी तिरकी घ्या. आडवी घेतली तर पाणी आत आलंच. पाठीमागून वारा असला की मजा वाटते, पण तेव्हाच कॅनो फिरून आडवी होते.

उलटली तर काठाकडे पोहत सुटू नका, कॅनो धरून राहा. याचा सराव पहिल्याच सकाळी, गुडघाभर पाण्यात करा. दुसरी कॅनो उलटलेलीच्या टोकाला काटकोनात आणायची. टोक उचलून आपल्या कडांवर घ्यायचं आणि पालथीच आडवी ओढायची. पाणी आपोआप गळून जातं. मग ती तिथंच सुलटी करून पाण्यात सरकवायची, शेजारी घट्ट धरून ठेवायची आणि पोहणाऱ्यांना एकेक करून आत घ्यायचं. लाइफ जॅकेटचे बंद पूर्ण आवळलेले हवेत, नाहीतर पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खाली. दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर दोरी, आणि उपसायला कापलेला तेलाचा डबा, तोही बांधून.

उन्हाळ्यात पातळी उतरते, तशी बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. मासेमारांची जाळी रिकाम्या बाटल्यांवरून ओळखा, लांबून वळसा घाला. वरच्या धरणांतून पाणी सुटलं तर रात्रीतून पातळी चढूही शकते, म्हणून तंबू ओल्या गाळाच्या बराच वर लावा आणि कॅनो वर ओढून झाडाला बांधा. नर्मदेत मगरी आहेत. गाळात पोट घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिथं मुक्काम नको. अंधारात काठावर भांडी घासू नका, पाणी बादलीनं ओढून घ्या.

पिण्याचं पाणी माणशी रोज 5 लिटर धरा. नदीचं निवळून, उकळूनच. शिदोरीला दशम्या न्या, भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. मुक्कामाच्या पाड्यावर आधी पोलीस पाटलांना भेटा. निघताना गावातल्या एका होडीवाल्याला परतीची वेळ सांगून ठेवा, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी शोधायला निघायचं तेही ठरवून द्या.