आधी तारीख बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. शेअर बाजारात तेजीला बैल आणि मंदीला अस्वल का म्हणतात, याच्या तीन कथा तुला सापडल्या, तिन्ही एकमेकींना खोडतात, आणि आता कुठली ठेवावी ते तुला कळेनासं झालंय. कुठली जास्त पटते, हा प्रश्नच सोड. आधी तारीख बघ.

बैल शिंगांनी वर उडवतो, अस्वल पंजा खाली मारतं, म्हणून तेजी आणि मंदी. ही कथा सगळीकडे आहे, कारण ती लक्षात राहते. पण हे शब्द रुळले तेव्हा ते बाजाराची दिशा सांगतच नव्हते. माणूस आणि त्याचा सौदा सांगत होते.

1709 साली लंडनच्या ‘टॅटलर’ या नियतकालिकात लेखक रिचर्ड स्टील लिहितो की काल्पनिक वस्तूला खरी किंमत लावणारा ‘अस्वल विकतो’ असं म्हणतात. मागे जुनी म्हण आहे: अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नये. आपल्याकडे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तोच प्रकार. जवळ नसलेला माल विकणाऱ्याला तिथे अस्वलाच्या कातड्याचा दलाल म्हणत. ‘बैल’ लिखाणात दिसतो तो पाच-सहा वर्षांनी, आणि अस्वलाचा जोडीदार म्हणूनच.

आता 1761 बघ. थॉमस मॉर्टिमर दलालीवरच्या पुस्तकात व्याख्या देतो: पैसे देण्याचा इरादा किंवा ऐपत नसताना सरकारी रोखे घ्यायचा करार करतो तो बैल, जवळ आहेत त्याहून जास्त, कधी अजिबात नसलेले रोखे विकतो तो अस्वल. यात शिंगं कुठे आहेत? पंजा कुठे आहे?

मसुद्यात हिशोब घाल, नाहीतर वाचकाला सौदा कळणार नाही. समज, अस्वलाने 1000 पौंड दर्शनी (कागदावर छापलेल्या) किमतीचे रोखे, दर शंभर पौंडांमागे 103 च्या भावाने, पुढच्या ठरलेल्या दिवसासाठी विकले. त्या दिवशी भाव 100 झाला, तर समोरचा त्याला 30 पौंड फरक देतो. रोखे हात बदलतही नाहीत. भाव 108 झाला, तर अस्वलाच्या खिशातून 50 पौंड जातात. आणि ते नसले, तर? 1734 च्या बर्नार्ड कायद्याने असे सौदे बेकायदा ठरवले होते, त्यामुळे फरकाची रक्कम कोर्टात मागता येईना. उरली फक्त अब्रू. बुडवणाऱ्याला ‘लंगडं बदक’ म्हणून दलालांच्या गल्लीतून हुसकायचे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलच्या 1761 च्या पत्रात बैल, अस्वल आणि लंगडं बदक तिघेही एकत्र आहेत. हे बदक तू दोन ओळींत उरकलंस, त्याचा मला राग आला. सगळी व्यवस्था त्याच्यात दिसते.

बैल-अस्वलांच्या झुंजींची कथा? लंडनमध्ये कुत्रे अंगावर सोडून त्यांचे खेळ होत, 1835 पर्यंत कायद्याने चालत, हे खरं. पण खेळ होते म्हणून शब्द तिथूनच आला, असं होत नाही. शक्यता म्हणून एक ओळ दे, त्याहून जास्त नको. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराजवळचा कांस्याचा बैल तर 1989 चा. मूळ सांगताना त्याचं चित्र छापू नकोस, आणि दलाल स्ट्रीटवरच्या बैलाचंही नको.

मला हेकट म्हणतात. म्हणोत. सुंदर कथा एकदा छापली की पुढचे दहा जण तुझाच आधार देतात, म्हणून मी तारखेवर अडून बसतो. आपल्या बाजारात ‘तेजीवाला’, ‘मंदीवाला’ म्हणतात तेव्हा आजही आधी माणूसच डोळ्यांपुढे येतो, हे मात्र जरूर लिही.

क्रम असा लाव: अस्वल, मग बैल, मग हिशोब, मग बदक. ‘मेलेल्या मांजराची उसळी’, म्हणजे मोठ्या घसरणीनंतरची क्षणिक वाढ, हा शब्दप्रयोग 1985 च्या सुमाराचा आहे. तो या लेखातून काढून टाक. शिंगांचा परिच्छेद शेवटी ठेव, आणि तो नंतर जोडलेला अर्थ आहे असं स्पष्ट लिहून मगच मसुदा परत पाठव.