निघायच्या आदल्या दिवशी नवं काहीच नको

प्रश्न : ताई, माझं वय ४८. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी मैत्रिणी सायकलने अलिबाग ते मालवण जाणार आहोत, किनाऱ्याच्या रस्त्याने. सराव चांगला झालाय. धास्ती आहे ती आदल्या दिवसाची. सायकल सर्व्हिसिंगला टाकणं, नवं सीट बसवणं, राहिलेली खरेदी, घरच्यांसाठी चार दिवसांचं करून ठेवणं, सगळं त्याच दिवशी आलंय. रात्री नणंद आणि जाऊबाई जेवायला येणार आहेत. हा दिवस कसा घालवावा?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या यादीतली पहिली दोन कामं आधी खोडून टाका. सर्व्हिसिंग आठवडाभर आधी उरकायचं आणि नंतर त्याच सायकलवर चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून यायचं. गिअरची नवी वायर टाकली, की तिचं बाहेरचं आवरण पहिल्या काही फेऱ्यांत दबून बसतं, वायर सैल पडते आणि गिअर उड्या मारायला लागतात. ब्रेकचे नवे पॅडही थोडे घासले गेल्याशिवाय पुरते धरत नाहीत. हे चिंचवडमध्ये झालं तर मेकॅनिक पाच मिनिटांत ठीक करून देईल. केळशीच्या पुढच्या चढावर झालं तर दिवस जाईल.

सीटबद्दल तर मी हट्टाने सांगेन, जुनंच ठेवा. तुमच्या अंगाला त्याची सवय झालेली आहे. नवी सायकलिंग शॉर्ट्स, नवे बूट यांनाही हाच नियम. सायकल अलिबागपर्यंत टेम्पोने नेणार असाल आणि त्यासाठी सीट खाली करावं लागणार असेल, तर आधी दांड्यावर चिकटपट्टी लावून उंचीची खूण करून ठेवा. बोटभर फरक पडला तरी गुडघे दुसऱ्या दिवशी तक्रार करतात. डिस्क ब्रेक असतील आणि चाक काढणार असाल, तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका.

मग आदल्या दिवशी करायचं काय? सकाळी सगळं सामान लादून, पाण्याच्या बाटल्या भरून, तासभर फिरून या. रिकामी सायकल आणि भरलेली सायकल ही दोन वेगळी जनावरं आहेत. टाच मागच्या पिशवीला लागते का, कॅरिअरचे स्क्रू खडखडतात का, सर्वांत हलक्या गिअरवर चेन नीट बसते का, उतारावर ब्रेक किती अंतरात थांबवतो, हे त्या तासात कळतं. चढ मुद्दाम शोधा. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असा पुष्कळांचा समज असतो. कोकणात खाडीपाशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढायचं, हे थेट मालवणपर्यंत चालू राहतं. वजन मागे असतं, म्हणून मागच्या चाकात हवा जरा जास्त ठेवा, पण टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यापुढे जाऊ नका.

परत आल्यावर चेन पुसून तेल द्या आणि रात्रभर मुरू द्या. वरचं तेल सकाळी फडक्याने पुसून टाका, नाहीतर कोकणातली लाल धूळ त्यावर चिकटते. पंक्चरच्या पेटीतलं सोल्युशन एकदा दाबून बघा. एकदा उघडलेलं सोल्युशन नकळत वाळून जातं. चाकाच्या जादा ट्यूबमध्येही थोडी हवा भरून पाहा. तुमच्या सायकलला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह (हवा भरायचं बारीक तोंड) असेल तर छोटा अडॅप्टर जवळ हवाच. पेट्रोल पंपावरची नळी त्याशिवाय बसत नाही.

दुपारी एक महत्त्वाचं काम आहे, फोन करायचं. तुमच्या वाटेवर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार फेरीबोटी येतात. शेवटची बोट किती वाजता आणि त्या आठवड्यात बोट चालू आहे का, हे मुक्कामाच्या घरमालकांना विचारा. दाभोळची बोट चुकली तर गुहागरला जायला चिपळूणचा वळसा पडतो. सायकलवर त्यात अख्खा दिवस जाईल. जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, त्यानंतर त्या वळणांवर थांबलेलंच बरं.

आता घरचं. ताई, ही गोष्ट मला सायकलपेक्षाही महत्त्वाची वाटते. मोठ्या सफरीला निघालेल्या किती तरी बायका आदल्या रात्री अकरापर्यंत ओट्यापाशी उभ्या असतात. डबे भरायचे, भाज्या निवडून फ्रीजमध्ये ठेवायच्या, वर पाहुण्यांचं जेवण. सकाळी निघताना पाय आधीच भरून आलेले. पुरुषांच्या तयारीत हे काम सहसा नसतंच. चार दिवस घरातली माणसं वरण-भात लावतील, खानावळीचा डबा आणतील, पण तुम्ही त्यासाठी उभ्या राहू नका. नणंद आणि जाऊबाईंना अवश्य बोलवा, पण दुपारच्या चहाला. त्यांच्या हातात गावांची नावं आणि मुक्कामाचे फोन नंबर लिहिलेला कागद द्या, म्हणजे काळजी करायला त्यांच्याकडे काहीतरी नेमकं असेल.

रात्री आठच्या आत वरण-भात, तूप, लिंबू. बाहेरचं काही नको आणि एरवी न खाल्लेलं तर नकोच. दिवसभर पाणी थोडं थोडं पीत राहा.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. मोठ्या राइडच्या आदल्या रात्री मला झोपच लागत नाही. राइड रद्द करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रद्द करू नका. त्याच्या आधीच्या दोन रात्री पोटभर झोप घ्या, एका अपुऱ्या झोपेने पाय थकत नाहीत. दिवे मालवून नुसतं पडून राहा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, गजरासाठी साधं घड्याळ घ्या. मात्र सलग दोन-तीन रात्री झोप झाली नसेल किंवा सकाळी अंगात कणकण असेल, तर हायवेवर जाऊ नका. पेंग येत असताना मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज चुकतो.